लहरींचा पोटमाळा

जुन्या घराच्या ओसरीवर पान जमवीत बसलेल्या पाहुण्याला आत पोटमाळा आहे याचा पत्ताही नसतो. एफ.एम. रेडिओचे तसेच आहे. आपण गाणे ऐकतो ते ओसरीवरचे. त्याच लहरीवर, त्याच क्षणी पोटमाळ्यावर दुसरेच कुणी बोलत असू शकते, आणि आपल्याला चाहूलही लागत नाही!

यात जादू नाही, हिशेब आहे. माणसाच्या कानाची धाव सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंत. एफ.एम. केंद्राचा आवाज १५,००० वरच थांबतो. पण केंद्राच्या वाट्याची जागा त्याहून पुष्कळ ऐसपैस. तेव्हा अभियंत्यांनी युक्ती काढली. दुसरा कार्यक्रम ६७,००० कंपनांच्या एका उपलहरीवर चढवायचा आणि ती मूळ कार्यक्रमात मिसळून पाठवून द्यायची. घरातला रेडिओ तिची दखल घेत नाही. ती उलगडणारा खास संच ज्याच्यापाशी, त्यालाच ते बोल ऐकू येणार.

एफ.एम.चे जनक एडविन आर्मस्ट्राँग. त्यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवरून एकाच लहरीवर दोन रेडिओ कार्यक्रम, एक तारसंदेश आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानाचे चित्र एकदम पाठवून दाखवले. १९५४ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या संचार आयोगाने केंद्रांना हा पोटमाळा भाड्याने देण्याची मुभा दिली. भाडेकरू कोण आले म्हणता? दुकानांतून आणि उपाहारगृहांतून मंद संगीत पुरवणारे व्यापारी!

धंदाच तो, पण त्याला नाक मुरडू नये. कारण त्याच जिन्याने पुढे एक निराळा पाहुणा वर गेला. २ जानेवारी १९६९ रोजी मिनेसोटा राज्यात अंधांसाठी ‘रेडिओ टॉकिंग बुक’ सुरू झाले. उपलहरीवरून वर्तमानपत्रे, मासिके, नवी पुस्तके वाचून दाखवू लागले. श्रोत्यांना खास संच घरी वापरायला मिळाले.

यात एवढे काय मोठे, असे डोळस माणसाला वाटेल. अंधाला विचारावे. ब्रेलमध्ये उतरेपर्यंत बातमी शिळी होते. एरवी घरातल्या कुणाला सवड मिळेल तेव्हा तो चार ओळी वाचणार, आणि त्याही त्याला आवडतील त्याच. बाजारभाव, अग्रलेख, निधनवार्ता यांसाठी रोज कुणाची मनधरणी करायची? कळ फिरवली की वर्तमानपत्र हजर, यात सोयीपेक्षा स्वाभिमान अधिक आहे.

मग हे लपवून का ठेवायचे? लेखक-प्रकाशकांच्या हक्कांसाठी. सगळ्या गावाला पुस्तक फुकट वाचून दाखवले तर ते विकत कोण घेणार? खास संचामुळे श्रोते ठरावीक राहत. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात अशा वाचनाला सवलत आहे, आणि तिथे या उपलहरींचा स्पष्ट उल्लेखही आहे. दार बंद होते म्हणूनच अंधांना आत येता आले, अशी ही उलटी गंमत!

आर्मस्ट्राँगनी वर्तमानपत्राचे पान लहरीवर चढवले ते पाहण्यासाठी. ३५ वर्षांनी तेच पान पुन्हा चढले, पण ज्यांना ते दिसत नव्हते त्यांच्यासाठी. घर तेवढेच होते. पोटमाळा कुणाला द्यायचा, एवढाच प्रश्न होता.