ऑपरेशन झालं, पण दिसतंय का?

लातुरात नेत्रशिबिर झालं की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली: एवढे रुग्ण तपासले, एवढ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. आपल्या रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी एक लाखाहून जास्त मोतीबिंदू काढले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवं. पण शिबिराच्या बातमीत एक आकडा कधीच नसतो. महिन्याभराने त्यातल्या किती जणांना नीट दिसत होतं?

आम्ही सॉफ्टवेअरवाले रिलीजच्या दिवशी केक कापतो. खरं काम दुसऱ्या दिवशी तक्रारी यायला लागल्यावर सुरू होतं. डोळ्याचंही तसंच आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठरवलेल्या लक्ष्यातसुद्धा नुसती ऑपरेशनं मोजत नाहीत. त्यानंतर चांगलं दिसू लागलेली माणसं मोजतात.

बहुतेकांना छान दिसतं, भीती घालायची नाही. पण जंतुसंसर्ग झाला तर वेळ फार थोडा असतो. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या पालिका रुग्णालयात सात जणांचं ऑपरेशन झालं आणि पाच जणांनी त्या डोळ्याची दृष्टी गमावली. ऑपरेशन थिएटरची स्वच्छता रुग्णाच्या हातात नसते, तिचा जाब प्रशासनालाच विचारायचा. घरच्यांच्या हातात एवढंच आहे की पहिल्या काही दिवसांत डोळा दुखायला लागला, लाल झाला, नजर कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. मेडिकलवरून कुठलेतरी ड्रॉप आणून सकाळची वाट बघायची नाही.

वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं की दादी म्हणते, 'मोतीबिंदू परत आला.' तो परत येत नाही. लेन्सच्या मागचा पातळ पडदा धुरकट होतो आणि लेसरने काही मिनिटांत मोकळा करता येतो. वय झालं म्हणून कितीतरी म्हातारी माणसं तशीच बसून राहतात. लेन्स स्वच्छ असूनही दिसत नसेल तर मधुमेहाने पडदा खराब झालेला असू शकतो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच साखर आणि पडदा दोन्ही तपासून घ्यायचे. आणि 'अजून पिकू दे' हा जुना सल्ला आता सोडायलाच हवा. फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो, डोळ्यातला दाबही वाढवू शकतो.

आपल्या घरांत आणखी एक अडचण येते. रमजानमध्ये रोजा तुटेल म्हणून ड्रॉप बंद केले जातात. डोळ्यात औषध घातल्याने रोजा तुटत नाही, हे हनफी फिकहचंच मत आहे. शंका असेल तर मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांकडून अब्बांसमोरच वदवून घ्या. वुजूचं पाणी डोळ्यात जाऊ नये, सजद्यात वाकू नये, असं डॉक्टरांनी सांगितलेले दिवस खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज होते.

शिबिरं भरवणाऱ्या आपल्या मुलांनी पुढच्या वेळी बॅनरआधी एक वही घ्यावी. प्रत्येकाचं नाव, घरच्या एकाचा फोन, ऑपरेशनआधीची नजर आणि महिन्यानंतरची नजर. शेवटचा रकाना रिकामा दिसला की त्या घरी जाऊन यायचं.