ई टीव्ही मराठीची वाटणी झाली, पण गावच्या बातमीला वाटेकरीच मिळाला नाही

जांबे (ता. मुळशी) : संध्याकाळी सात वाजले की घरोघरी टीव्ही सुरू होतो. कुणाकडे स्टार प्रवाह, तर कुणाकडे कलर्स मराठी. सासूला एक मालिका बघायची असते, सुनेला दुसरी, आणि रिमोटवरून वाद होतो. पण ज्या दोन चॅनेलवरून हा वाद होतो, त्यांचा मालक आता एकच आहे. १४ नोव्हेंबर २०२४ ला रिलायन्सची व्हायकॉम १८ आणि डिस्नेची स्टार इंडिया यांचं एकत्रीकरण पूर्ण झालं आणि जिओस्टार ही कंपनी उभी राहिली.

आता कुणी म्हणेल, मालक बदलला तर आपल्याला काय त्याचं? मालिका तर रोज लागतेच की. बरोबर आहे. मालिकेपुरतं बघितलं तर फारसं काही बिघडलेलं नाही. बिघडलंय ते वेगळंच, आणि ते बघायला जरा मागं जावं लागेल. कलर्स मराठी म्हणजे आधीचं ई टीव्ही मराठी. ते चॅनेल ज्या समूहाचं होतं, तो समूह तुकडे करून विकला गेला. कोणता तुकडा कुणाकडे गेला आणि कोणता तुकडा कुणालाच नको होता, हे प्रत्येक गावानं समजून घेण्यासारखं आहे.

हैदराबादहून येणारी महाराष्ट्राची बातमी

ई टीव्ही मराठी ९ जुलै २००० ला सुरू झालं. मालक होते रामोजी राव, म्हणजे तेलुगूतला मोठा पेपर ‘ईनाडू’ चालवणारे. ई टीव्हीचं पहिलं चॅनेल १९९५ मध्ये तेलुगूत निघालं. मग मराठी, कन्नड, बांगला, गुजराती, ओडिया, उर्दू आणि हिंदी पट्ट्यातली राज्यं असं करत एकूण १२ चॅनेल झाली.

गंमत म्हणजे मराठी बातम्या वाचल्या जायच्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत. तरीही त्या बातम्या आपल्या वाटायच्या, कारण बातमी पाठवणारा माणूस जिल्ह्यातला असायचा. ‘महाराष्ट्र माझा’ हे बातमीपत्र पुष्कळांना आठवत असेल. पहाटे उठून ‘अन्नदाता’ बघणारे शेतकरीही होते. त्याआधी शेतीसाठी दूरदर्शनचं ‘आमची माती आमची माणसं’ होतंच. त्यात ही भर पडली. एकाच चॅनेलवर मालिका, बातम्या आणि शेती, तिन्ही मिळायचं.

म्हणजे चॅनेल बाहेरच्या माणसाचं असलं तरी त्यात गावाला जागा होती. मालक मराठी आहे की नाही, हा मुद्दाच नव्हता. त्या धंद्यात गावच्या बातमीचा हिशोब धरलेला होता, हे महत्त्वाचं.

वाटणी कशी झाली?

जानेवारी २०१२ मध्ये मोठी घोषणा झाली. रिलायन्सनं ईनाडू समूहात आधीच पैसा गुंतवला होता. ई टीव्हीमधला तो हिस्सा नेटवर्क १८ समूहाच्या टीव्ही १८ या कंपनीनं घ्यायचा, असं ठरलं. रक्कम होती सुमारे २,१०० कोटी रुपये. समूह मात्र एकगठ्ठा विकला गेला नाही. घरातली जमीन वाटावी तसे त्याचे तीन वाटे पडले.

पहिला वाटा : उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान, बिहार आणि उर्दू ही बातम्यांची पाच चॅनेल. यातला १०० टक्के हिस्सा टीव्ही १८ कडे. पुढे यांना न्यूज १८ हे नाव मिळालं.

दुसरा वाटा : मराठी, कन्नड, बांगला, गुजराती आणि ओडिया ही पाच चॅनेल. यातला ५० टक्के हिस्सा टीव्ही १८ कडे. मार्च २०१५ मध्ये ई टीव्ही मराठीचं नाव कलर्स मराठी झालं.

तिसरा वाटा : दोन तेलुगू चॅनेल. यातला फक्त २४.५ टक्के हिस्सा विकायचं ठरलं. चाव्या रामोजी रावांकडेच राहिल्या. घरचं रान त्यांनी सोडलं नाही.

आता नीट बघा. हिंदी राज्यांत बातमीचं चॅनेल वेगळं होतं, म्हणून बातमीचाही सौदा झाला. मराठीत मात्र मालिका आणि बातम्या एकाच चॅनेलमध्ये होत्या आणि ते चॅनेल मनोरंजनाच्या वाट्यात गेलं. विकत घेणाऱ्या समूहाकडे मराठी बातम्यांसाठी लोकमतबरोबरचं आयबीएन लोकमत (आताचं न्यूज १८ लोकमत) आधीच होतं. मग ई टीव्हीच्या बातम्या आणि शेतीचा कार्यक्रम कशाला सांभाळायचा? आजचं कलर्स मराठी हे निव्वळ मनोरंजनाचं चॅनेल आहे.

यात कुणी कट केला असं नाही. धंद्याचा हिशोब आहे. मालिकेला साबण-तेलाच्या जाहिराती मिळतात. मुंबईतल्या राजकारणाच्या बातमीला प्रेक्षक मिळतो. जांबे, नेरे किंवा कासारसाईच्या बातमीसाठी माणूस ठेवायचा, कॅमेरा पाठवायचा आणि एवढं करून ती बघणार किती, तर तेवढ्या चार गावांतले लोक. वाटणीच्या कागदावर अशा बातमीला किंमत लागत नाही. तिला कुणी मुद्दाम मारत नाही. तिला वाटेकरीच नसतो, म्हणून ती पडीक राहते.

खरेदी टीव्हीसाठी नव्हती, फोनसाठी होती

त्या वेळी एक गोष्ट फार कमी लोकांच्या ध्यानात आली. २०१२ च्या घोषणेतच म्हटलं होतं की या चॅनेलवरचे कार्यक्रम रिलायन्सच्या येणाऱ्या ४जी सेवेसाठी वापरता येतील. तेव्हा आपल्याकडं बटणांचे फोन होते. जिओ बाजारात आलं सप्टेंबर २०१६ मध्ये, म्हणजे चार वर्षांहून जास्त काळानं.

पुढची पावलंही ओळीनं पडत गेली. २०१४ मध्ये रिलायन्सनं सगळ्या नेटवर्क १८ चाच ताबा घेतला. ऑक्टोबर २०१८ मध्ये हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत मोठा हिस्सा घेतल्याचं जाहीर केलं. २०२४ मध्ये स्टार आलं. त्या वेळी भारतीय स्पर्धा आयोगानं अटी घातल्या आणि काही चॅनेल सोडण्याची हमी कंपन्यांना द्यावी लागली. तरीही चॅनेल, केबलची तार आणि मोबाईलचं सिम या तिन्ही गोष्टी एकाच समूहाकडे असण्याची सोय पक्की झाली.

बाकीच्या मराठी चॅनेलचीही गोष्ट बघा. स्टार माझाचं १ जून २०१२ ला एबीपी माझा झालं, कारण स्टारनं आपलं नाव काढून घेतलं आणि कोलकात्याच्या एबीपी समूहानं बातम्यांचा धंदा पुढं चालवला. झी आणि सोनी यांचं एकत्रीकरण दोन वर्षं गाजलं आणि जानेवारी २०२४ मध्ये मोडलं. एनडीटीव्ही २०२२ च्या शेवटी अदानी समूहाकडे गेलं आणि १ मे २०२४ ला एनडीटीव्ही मराठी सुरू झालं. मराठी माणूस रोज जे बघतो, त्याचे मोठे निर्णय दुसरीकडंच होतात.

गावच्या केबलवाल्याचं चॅनेल कुठं गेलं?

पूर्वी गावच्या केबलवाल्याचं एक स्वतःचं चॅनेल असायचं. त्यावर जत्रा, कुस्त्यांचा फड, हरिनाम सप्ताहातलं कीर्तन, दहावीच्या पोरांचा सत्कार आणि मधेच एखाद्या साड्यांच्या दुकानाची जाहिरात. चित्र धूसर असायचं, पण आपलं गाव दिसायचं.

मग सेट टॉप बॉक्स आला. शेवटच्या टप्प्यात ग्रामीण भागाला ३१ मार्च २०१७ पर्यंत मुदत होती. आता सिग्नल मोठ्या कंपनीच्या केंद्रातूनच कुलूपबंद होऊन येतो. गावच्या केबलवाल्याला त्यात मधेच आपलं चॅनेल घुसवता येत नाही. चित्र स्वच्छ झालं, चॅनेल वाढली, पण गावचा पडदा गेला.

फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे नवे दर आले. सुरुवातीला १०० चॅनेलसाठी १३० रुपये आणि वर कर. पैशाची चॅनेल त्याशिवाय वेगळी. हवं तेवढंच चॅनेल घ्या, असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात बहुतेकांनी पॅकच घेतला, कारण सुटी चॅनेल घेणं महाग पडतं. ज्याच्या हातात गाजणाऱ्या मालिका जास्त, त्याचा पॅक घ्यावाच लागतो.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेतही गावोगावच्या टीव्ही केंद्रांचे समूह सारखे विकले जातात. पण तिथं एक मर्यादा घातलेली आहे. एका मालकाची केंद्रं मिळून देशातल्या ३९ टक्क्यांपेक्षा जास्त घरांपर्यंत पोहोचू नयेत. ही मर्यादा वाढवावी म्हणून तिथल्या कंपन्यांचा जोर असतो आणि त्यावर मोठी भांडणं होतात. पण निदान भांडायला एक आकडा तरी आहे.

आपल्याकडं पेपर, टीव्ही, केबल आणि मोबाईल मिळून एका समूहाकडं किती असावं, याचा स्वतंत्र कायदा नाही. ट्रायनं २००९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१४ मध्ये सरकारला शिफारशी दिल्या होत्या. त्याचा कायदा झाला नाही. स्पर्धा आयोग बघतो तो बाजार : जाहिरातीचे दर वाढतील का, ग्राहकाला पर्याय राहतील का. जांब्याची बातमी कोण देणार, हा प्रश्न आयोगाच्या टेबलावर येतच नाही.

मग जांब्याला याचं काय?

आपल्या पट्ट्यात सध्या जमिनीइतकी महाग गोष्ट दुसरी नाही. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, गहुंजे, सांगवडे आणि आपलं जांबे ही सात गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. माणपासून शिवाजीनगरपर्यंत मेट्रोचा प्रकल्प आहे. रिंगरोड मुळशीतूनच जातोय. यातल्या प्रत्येक गोष्टीत नोटीस निघते, हरकतीची मुदत लागते आणि ती मुदत संपतेही.

शेजारचंच उदाहरण घ्या. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक या मुळशीतल्या गावांसह २३ गावं पुणे महापालिकेत गेली. प्राथमिक अधिसूचना डिसेंबर २०२० मध्ये आली आणि अंतिम ३० जून २०२१ ला. सहा-सात महिन्यांत ग्रामपंचायत जाऊन महापालिका आली. घरपट्टी, बांधकाम परवानगी, पाणी, सगळ्याचा दरवाजा बदलला. अशा वेळी माणसाला बातमी लागते ती अशी : नोटीस कुठं लागली, नकाशात आपला गट नंबर आहे का, हरकत कुणाकडं द्यायची, शेवटची तारीख कोणती.

ही बातमी राज्यभर चालणाऱ्या चॅनेलला परवडत नाही. तिथं ‘हिंजवडीत वाहतूक कोंडी’ एवढं दिसतं, कारण त्या कोंडीत आयटीवाला अडकलेला असतो. गट नंबर दिसत नाही. मग ती जागा व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड घेतात. कुणीतरी लिहितो ‘गाव गेलं महापालिकेत’, दुसरा लिहितो ‘प्रस्ताव रद्द’, आणि मधल्या मधे जमिनीचे एजंट आपला भाव काढून घेतात. बातमी नसली की अफवेला दर मिळतो आणि त्याचा तोटा कमी जमीन असलेल्याला आधी बसतो.

आता करायचं काय?

चॅनेल कुणी घ्यावं आणि कुणी विकावं, हे काही आपल्या हातात नाही. पण चार गोष्टी नक्की हातात आहेत.

एक, ग्रामसभा. वर्षातून चार ग्रामसभा व्हायलाच पाहिजेत. तिथं जाऊन बसा. ठराव काय झाला ते लिहून घ्या. इतिवृत्त मिळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून मागा. गावची पहिली बातमी तिथंच तयार होते.

दोन, फॉरवर्ड पुढं ढकलण्याआधी कागद मागा. अधिसूचनेला तारीख असते, क्रमांक असतो, सही असते. तिन्ही नसेल तर ती बातमी नव्हे.

तीन, जे चॅनेल किंवा जे पोर्टल आपण बघतो, त्याचा मालक कोण आणि पैसा कुठून येतो, हे विचारा. आम्हालाही विचारा. बिल्डरची जाहिरात घेणाऱ्यानं बिल्डरची बातमी कशी दिली, हे वाचकानं तपासलंच पाहिजे.

चार, तालुक्याची बातमी देणाऱ्या पोराला, मग तो कुणाचाही असो, खरी माहिती आणि कागद द्या. तो चुकला तर तोंडावर सांगा. फुकटच्या मोबाईल डेटावर सगळं मिळतं असं वाटतं, पण गावात येऊन विचारपूस करणारा माणूस त्या डेटात येत नाही.

रामोजी राव ८ जून २०२४ ला गेले. त्यांच्या समूहानं मराठी चॅनेल सोडल्यावर २०१९ मध्ये ई टीव्ही भारत हे मोबाईल ॲप काढलं, त्यात मराठीही आहे. म्हणजे ज्यानं टीव्हीवरचा वाटा विकला, तोही बातमीसाठी शेवटी फोनवरच आला. पडदा बदलला तरी अडचण तीच आहे : गावच्या बातमीचा खर्च कोण उचलणार?

वाटणीत ज्या रानाला वाटेकरी नसतो, त्यावर पहिलं अतिक्रमण होतं, हे मुळशीत कुणाला शिकवायला नको. गावच्या बातमीचंही तसंच आहे. तिच्या बांधावर आपणच उभं राहिलो नाही, तर ती दुसऱ्याच्या नावावर चढायला वेळ लागणार नाही.