खोकला नाही, पण क्षय आहे

आशाताई दारात उभ्या राहून विचारतात, “घरात कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला?” ओसरीवरून सासूबाई सांगतात, “न्हाई बाई, समदे ठीक हायेत.” रजिस्टरातला रकाना भरतो, पुढचे घर येते. गावोगावची क्षयरुग्ण शोधमोहीम वर्षानुवर्षे अशीच चालली आहे. ती याच प्रश्नावर थांबणार असेल, तर निम्म्याच्या जवळपास रुग्ण आपण घरातच सोडून येतो.

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणाने हे दाखवून दिले आहे. फुफ्फुसाच्या क्षयाचे जे रुग्ण तपासणीत पक्के ठरले, त्यांतले ४२.६ टक्के छातीचा एक्स-रे काढला नसता तर सापडलेच नसते. लक्षणे असलेल्यांतही ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेले नव्हते. बहुतेकांनी दुखणे अंगावर काढले होते. विडीचा खोकला, चुलीच्या धुराचा खोकला हा आजार मानलाच जात नाही. सुनेला सासऱ्यांसमोर खाकरायचा संकोच वाटतो. मुलीचे लग्न ठरायचे असेल, तर घरातले कुणीच तोंड उघडत नाही.

म्हणून एक्स-रे गावात गेला पाहिजे. हातात धरायचे, बॅटरीवर चालणारे यंत्र आता मिळते. शाळेच्या व्हरांड्यातही फोटो निघतो. पण छातीत डाग दिसला आणि “उद्या तालुक्याला या” असे सांगितले, की तो माणूस गेलाच म्हणून समजा. एका खेपेत त्याची दिवसाची मजुरी बुडते. थुंकी तिथेच घ्या. आणि नीट घ्या. नुसती डबी हातात दिली तर तीत लाळ येते. दीर्घ श्वास घेऊन, खोल खोकून बेडका कसा काढायचा, हे उघड्यावर, इतरांपासून दूर नेऊन दाखवावे लागते. त्याला पाच मिनिटे लागतात आणि ट्रूनॅट या थुंकीच्या चाचणीचा निकाल किती खरा, हे त्या पाच मिनिटांवर ठरते.

एकदा फिरून आलो म्हणजे काम झाले असेही नाही. व्हिएतनामच्या का माऊ प्रांतात लक्षणे न विचारता प्रौढांची थुंकी दरवर्षी, सलग तीन वर्षे तपासली गेली. चौथ्या वर्षी तिथले क्षयाचे प्रमाण, अशी तपासणी न झालेल्या वस्त्यांच्या तुलनेत ४४ टक्क्यांनी कमी आढळले.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट फार खटकते. क्षयाविरुद्धची शंभर दिवसांची देशव्यापी मोहीम ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाली आणि मार्चमध्ये संपली. नेमका हाच उसाच्या गळिताचा हंगाम. त्या दिवसांत बीडकडच्या गावांत म्हातारी माणसे उरतात. ‘कोयते’, म्हणजे ऊसतोडीला गेलेली जोडपी, कारखान्यांच्या तळावर, पाचटाच्या कोपीत असतात. एका कोपीत नवरा, बायको, लेकरे, दाटीवाटीने. जिथे रोग पसरायला सगळ्यांत सोपे, तिथल्या माणसाचे घर गावच्या रजिस्टरात ‘कुलूपबंद’ म्हणून नोंदले जाते.

तालुका आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना आमची विनंती आहे. ऊसतोडीच्या गावांतले एक्स-रे दसऱ्याआधी उरका, मुकादमांशी बोलून तारखा आताच ठरवा. आणि हंगाम सुरू झाला, की यंत्र तळावर न्या.