वशिल्याचा माणूस आणि उताऱ्याचा आकडा



उसाच्या भावावर आपण तावातावाने बोलतो, आणि बोलावेच. पण त्या उसाची साखर करणाऱ्या माणसांत वर कोण चढतो आणि वर्षानुवर्षे आहे तिथेच कोण राहतो, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. ती कामगारांची अन् युनियनची बाब, असे म्हणून मोकळे होतो. आमचे मत तसे नाही.

पॅनवरचे काम घ्या. पाक आटत असताना दाणा कसा बसतोय, हे पॅनमन काचेवर नमुना घेऊन उजेडासमोर धरून पाहतो. तिथे हिशेब चुकला आणि बारीक खोटा दाणा पडला, की तो पुढे जाळीतून निसटून मळीत जातो. गळीत ५ लाख टनांचे धरले, तर उताऱ्यातला नुसता ०.१ टक्का म्हणजे ५,००० क्विंटल साखर! हा डोळा काही कागदावर शिकून येत नाही, त्यासाठी हंगामामागून हंगाम पॅनपाशी उभे राहावे लागते.

आणि बढतीच्या वेळी पुढे कोण? साहेबांच्या पुढेपुढे करणारा, नाही तर कुणाच्या भावकीतला. त्याला काम शिकवायचे जुन्यानेच, नाव मात्र नव्याचे. जुना माणूस भांडत नाही. भांडला असता तर बरे झाले असते. तो फक्त सांगितले तेवढेच करू लागतो. पूर्वी पाळी संपली तरी पाच मिनिटे थांबून, ‘या पॅनवर जरा लक्ष ठेव गड्या’ म्हणून जाणारा माणूस आता भोंगा झाला की गाडीला किक मारतो. हे नुकसान कुठल्या ताळेबंदात दिसत नाही, पण भरतो आपणच. (हंगामाच्या सांगतेला शाल-नारळ कुणाकुणाला मिळतात आणि मांडवाच्या मागे कोण उभे असते, हेही एकदा पाहून घ्यावे.)

आपल्याला हे दुःख कळू नये, असे नाही. आपला आडसाली ऊस तुरे येऊन वाळत असतो, दशी पडायला लागते, आणि शेजारच्या मागाहून लावलेल्या फडात टोळी शिरते. तेव्हा पोटात जे कालवते तेच या कामगाराच्या पोटात कालवते. फरक इतकाच की आपण शेतकी ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटतो. त्याला पगार घ्यायचा असतो.

महाराष्ट्राने १९७१ साली कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित प्रथांना प्रतिबंध यांसाठी कायदा केला. गुणवत्ता न पाहता एका गटाच्या कामगारांना झुकते माप देणे, ही मालकाची अनुचित प्रथा म्हणून त्याच्या चौथ्या परिशिष्टात लिहिली गेली. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरता ठेवणे, ही आणखी एक. आता सहकारी कारखान्यात मालक कोण, हे आम्ही सांगायला नको.

तेव्हा बोट फक्त साहेबांकडे दाखवून भागणार नाही. ‘आमच्या पोराला तेवढं चिकटवा’ म्हणून संचालकांच्या दारात जाणारे सभासदच असतात, आणि वशिला मागितला गेला नाही तर दिला कसा जाईल?

उलट बाजूही आहे. बढती हुकलेला प्रत्येक जण अन्याय झालेलाच असतो, असे नाही. केवळ हंगाम मोजून कुणी पॅनमन होत नाही. कामाची चाचणी हवीच. पण ती सर्वांसमोर व्हावी आणि ज्याला डावलले त्याला कारण लेखी मिळावे. कामगारांनाही आमचे सांगणे आहे: चहाच्या टपरीवर कुरकुरू नका. कोणत्या हंगामात कोणते काम केले, कुणाला शिकवले, हे वहीत तारखेनिशी लिहा. आधी खातेप्रमुखाला लेखी विचारा, पोच घ्या, मग युनियनकडे जा.

सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होईल. हंगामी कामगारांची ज्येष्ठता यादी फलकावर का नाही, आणि गेल्या तीन हंगामांत झालेल्या बढत्या कोणत्या चाचणीवर झाल्या, हे दोन प्रश्न लेखी पाठवावेत. उत्तर इतिवृत्तात आले की नाही, तेही पाहावे.