पट्टा गाडीत, कुत्रा मोकळा

पवना धरणाच्या काठावर शनिवार-रविवारी तंबूंची दाटी होते. हल्ली पर्यटकांसोबत कुत्रीही येतात, त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती पट्टा गाडीतच ठेवून येणाऱ्या मालकांबाबत. शेकोटीवर कोंबडी भाजत असते, मुले ताटल्या घेऊन फिरत असतात, आणि डीजेच्या आवाजाने बिथरलेला कुत्रा त्यांच्यात घुसतो. त्या मुक्या जिवाचा यात काय दोष? मूल किंचाळले की मालकाचे ठरलेले उत्तर, ‘तो काही करत नाही.’ सकाळी तंबूच्या दोऱ्यांपाशी पडलेली घाण मात्र कॅम्पवर राबणारा गावातला पोरगा उचलतो. हे संतापजनक आहे.

पाळीव प्राण्यापासून जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय कुत्रा चावून रेबीज झाला आणि त्याची लक्षणे दिसू लागली की रुग्ण सहसा वाचत नाही. म्हणून कॅम्पचालकांनी बुकिंगच्या वेळीच लसीकरणाचे कार्ड पाहावे, पट्टा सक्तीचा करावा, सफाईसाठी अनामत घ्यावी. मालक ऐकतच नसेल तर त्याचा तंबू त्याच रात्री रिकामा करून घ्यावा.