प्रयोग कोणावर आणि कोणाच्या संमतीने?

वाचकहो, महात्मा जोतीराव फुले यांनी इ. स. १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला, ही गोष्ट आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. १८६१ ते १८६५ या काळात त्या देशाची उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्ये एकमेकांशी झुंजली. सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय शिपाई उत्तरेच्या फौजेतून लढले, आणि युद्ध संपताच राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. पुण्यात बसून जोतीरावांनी या घटनेचे मोल ओळखले व आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी हाच कित्ता गिरवावा, अशी इच्छा प्रकट केली. पुढे बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. आणि १९४६ साली कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांस पत्र लिहून, त्यांच्या समाजातर्फे संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागविली. तेव्हा अमेरिकेचा इतिहास हा आपणांस परका विषय नव्हे. आज आम्ही त्या इतिहासाचे एक निराळे पान आपणांपुढे ठेवीत आहोत. बेडी तुटलेल्या मनुष्याचे शरीर पुढे वैद्यांच्या हाती कसे गेले, हे त्या पानावर लिहिलेले आहे.

अलाबामा राज्यात मेकन नावाचा परगणा आहे. तेथे कापसाच्या शेतावर राबणारे गरीब कृष्णवर्णीय लोक राहत. १९३२ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने त्यांपैकी ६०० पुरुष निवडले. ३९९ जणांस उपदंशाचा, म्हणजे ज्यास लोक गर्मी म्हणतात त्या रोगाचा विकार होता. २०१ जणांस तो नव्हता. त्यांना सांगण्यात आले की, तुमचे रक्त बिघडले आहे आणि सरकार तुमच्यावर फुकट उपचार करणार आहे. उपचार मात्र करावयाचाच नव्हता! रोग अंगात मुरून मनुष्य कसा मरतो, एवढेच पाहावयाचे होते. तपासणीच्या दिवशी गरम जेवण मिळे. पाठीच्या कण्यातून पाणी काढीत व त्यासही खास उपचार म्हणत. मेल्यावर प्रेत चिरू दिले तर पुरण्याचा खर्च मिळे. ज्याच्या घरी मयतीला पैसा नसतो, त्याला या शेवटच्या आमिषाचे वजन किती वाटले असेल, हे आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे पेनिसिलीन निघाले आणि १९४७ च्या सुमारास ते या रोगावरचे खात्रीचे औषध ठरले. तेही त्यांना दिले नाही. दुसऱ्या महायुद्धात सक्तीची लष्करभरती सुरू झाली तेव्हा यांतील कित्येक तरुणांची लष्करी तपासणी होऊन त्यांना उपचार घेण्याचा हुकूम झाला. तर आरोग्य खात्याने मध्ये पडून त्यांची नावे उपचारातून वगळविली. स्वतःच्या देशाच्या फौजेने देऊ केलेले औषधही त्यांच्या तोंडाशी येऊन परत गेले. हा प्रकार तब्बल ४० वर्षे चालला. पीटर बक्स्टन नावाच्या खात्यातीलच एका कर्मचाऱ्याने १९६६ पासून वरिष्ठांस पत्रे लिहिली. ती दाबली गेली. अखेर त्याने कागद पत्रकाराच्या हवाली केले आणि २५ जुलै १९७२ रोजी ही बातमी जगास कळली. (त्याच वर्षी मुंबईत आमच्या तरुणांनी दलित पँथर काढली व तिचे नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतले.) १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. ती ऐकावयास त्या ६०० पैकी मोजकेच म्हातारे उरले होते.

आता यातील विसंगती पाहा. जर्मनीच्या पराभवानंतर ९ डिसेंबर १९४६ रोजी न्युरेंबर्ग येथे अमेरिकन लष्करी न्यायासनापुढे २३ जणांवर खटला सुरू झाला. त्यांत बहुतेक डॉक्टर होते. छळछावण्यांतील कैद्यांवर त्यांनी राक्षसी प्रयोग केले होते. ऑगस्ट १९४७ मध्ये निकाल लागला. १६ जण दोषी ठरले व सातांस फाशी झाली. त्या निकालपत्रात दहा कलमे घातली आहेत. मनुष्यावर प्रयोग करण्यापूर्वी त्याची स्वखुशीची, समजून-उमजून दिलेली संमती पाहिजेच पाहिजे, हे त्यांतील पहिले कलम. जगातील वैद्यकीय नीतीचा हा पाया मानला जातो. तो अमेरिकन न्यायाधीशांनी घातला, आणि त्याच घटकेस मेकन परगण्यात माणसे औषधाविना झिजत होती. ग्वाटेमाला देशात १९४६ ते १९४८ या काळात अमेरिकन डॉक्टर कैद्यांस, शिपायांस व वेड्यांच्या इस्पितळातील रोग्यांस मुद्दाम गुप्तरोगांची लागण करीत होते. ते १९१० नव्हे, २०१० साली उघडकीस आले. चीनमध्ये जिवंत माणसांवर जंतूंचे प्रयोग करणारा जपानी सेनाधिकारी शिरो इशी याच्यावर तर अमेरिकेने खटलाच भरला नाही. त्याने जमविलेली माहिती तिला हवी होती. जित्यांना एक न्याय व जेत्यांना दुसरा, असे हे आहे. तरी देखील ती दहा कलमे खोटी ठरत नाहीत. उलट, ज्यांनी ती लिहिली त्यांच्याच गळ्यात ती बांधण्याचे काम पुढे सामान्य लोकांनी केले.

महायुद्धाच्या काळी अमेरिकेच्या रेडक्रॉसने सैनिकांसाठी रक्त गोळा केले. आरंभी कृष्णवर्णीयांचे रक्त घेतच नसत. १९४२ पासून घेऊ लागले, पण ते वेगळे ठेवीत, आणि ही पद्धत १९५० पर्यंत टिकली. विशेष हे की, रक्तद्रव साठविण्याच्या शास्त्रात ज्याने मोठे काम केले तो डॉक्टर चार्ल्स ड्र्यू स्वतः कृष्णवर्णीय होता. रक्तात वर्ण नसतो हे डॉक्टरांना माहीत होते. परंतु गोऱ्यांच्या भावना दुखवावयाच्या नव्हत्या. विहिरीच्या पाण्याला विटाळ असतो असे मानणाऱ्या देशातील आम्ही लोक यावर फार हसू शकत नाही.

आपल्याकडील विटाळ वैद्याच्या हातात कसा शिरला होता, याची एक हकीकत बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लिखाणात उद्धृत केली आहे. ती १९२९ सालची, काठेवाडातील आहे. एका अस्पृश्य शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकीना. बाईस वस्तीबाहेर आणावे, या अटीवर तो आला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, मुसलमानाने तो शिक्षकास दिला, शिक्षकाने पत्नीस लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. ती बाई वाचली नाही. येथे कोणी प्रयोग केला नव्हता. परंतु ज्याला स्पर्श करावयाचा नाही असा रोगी आणि ज्याच्यावर फक्त निरीक्षण ठेवावयाचे असा रोगी, यांत अंतर थोडेच आहे.

आता अगदी अलीकडच्या व महाराष्ट्रातील प्रकरणाकडे या. १९९९ च्या अखेरीस उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि एक आंतरराष्ट्रीय संस्था यांनी तो चालविला. पैसा अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानचा होता. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट पाडले. तीन गटांची तीन निरनिराळ्या रीतींनी तपासणी केली. चौथ्या गटास आरोग्यशिक्षण दिले व तो तुलनेसाठी ठेवला. २००९ साली निष्कर्ष छापून आले. विषाणूची परीक्षा झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या कर्करोगाने मरण पावल्या होत्या. तुलनेच्या ३१,४८८ पैकी ६४. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत अमेरिकन सरकारच्या कर्करोग संस्थेच्या पैशाने १९९८ पासून असाच अभ्यास चालला. त्यात निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, शिरक्यातील आम्ल लावून पाहण्याच्या साध्या रीतीने तपासणी झाली, आणि त्यांतील मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उरलेल्या ७६,१७८ स्त्रिया तुलनेच्या गटात होत्या. तामिळनाडूतील दिंडिगलचा तिसरा अभ्यास मिळविता तुलनेच्या स्त्रियांची संख्या १,३८,६२४ होते. त्यांपैकी निदान २५४ या रोगाने वारल्या, असा हिशेब डॉ. एरिक सूबा या अमेरिकन डॉक्टरने २०१४ साली एका भारतीय वैद्यकीय नीतिविषयक नियतकालिकात मांडला व या मृत्यूंबद्दल जाब विचारला. मुंबईच्या अभ्यासात संमतीसाठी स्त्रियांस दिलेली माहिती पुरेशी नव्हती, असे अमेरिकेच्या सरकारी कार्यालयानेही ठरविले.

संशोधकांची बाजू ऐकून घेतली पाहिजे. ते म्हणतात की, भारतात अशा तपासणीची सार्वत्रिक योजना नव्हतीच. ज्या स्त्रीला काहीच मिळत नव्हते तिच्यापासून आम्ही काय हिरावून घेतले? शिवाय या अभ्यासांमुळे स्वस्त तपासणीने जीव वाचतात हे सिद्ध झाले. दुसरे म्हणणे आम्हांस मान्य आहे. हे डॉक्टर मेकन परगण्यातील डॉक्टरांसारखे खोटे बोलले, असेही आम्ही म्हणत नाही. दोन्हींस एकाच मापाने मोजणे अन्याय होईल. परंतु पहिले म्हणणे वाचताना आमच्या अंगावर काटा येतो, कारण १९३२ सालचे समर्थन हेच होते. या गरिबांना एरवी तरी औषध कोठे मिळते, मग निसर्ग काय करतो ते पाहिले तर बिघडले कुठे! आधी समाजाने एखाद्या वस्तीस दवाखाना द्यावयाचा नाही, आणि मग तिच्याजवळ दवाखाना नाही हीच तिची शास्त्रीय उपयुक्तता मानावयाची. तपासणीने हा कर्करोग लवकर सापडतो हे पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांच्या बाबतीत कित्येक दशके गृहीत धरले गेले होते. न्यूयॉर्कच्या श्रीमंत स्त्रियांचा असा तुलनेचा गट कोणी केला असता काय?

आणखी एक गोष्ट. मेकन परगण्यातील पुरुषांना तपासणीस आणणारी परिचारिका त्यांच्याच समाजाची होती, आणि टस्कीगीच्या ज्या संस्थेने इमारत व नाव दिले ती कृष्णवर्णीयांचीच होती. आपल्या वस्तीतील ताई सांगते म्हणून कागदावर अंगठा उठविणे, ही त्या ताईवरची श्रद्धा झाली. तिला संमती म्हणता येणार नाही.

आर्वी तालुक्यातील रोहण्यासारख्या गावातून दुखणेकरी मनुष्य आर्वीस, वर्ध्यास, सेवाग्रामास किंवा नागपूरच्या मेडिकलला जातो. जेथे डॉक्टर शिकतात तेथे संशोधनही चालते, आणि ते चाललेच पाहिजे. त्यावाचून उद्याचे औषध निघणार नाही. म्हणून आमचे सांगणे असे नाही की, भिऊन घरी बसा. टस्कीगीच्या बातमीनंतर पुष्कळ कृष्णवर्णीयांचा दवाखान्यावरचा विश्वास उडाला व त्यात त्यांचेच नुकसान झाले. आपण दवाखान्यात जा, लस घ्या, पण कागद पुढे आला की विचारा: हा उपचार आहे की अभ्यास? मी कोणत्या गटात आहे? त्या गटाला काय मिळणार नाही? मी नाही म्हटले तर माझा नेहमीचा उपचार चालू राहील ना? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे व नवीन औषधांच्या चाचण्यांचे २०१९ चे नियम यांनी हे हक्क आपणांस दिले आहेत. माहिती आपल्या भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर पाहिजे. वाटेल तेव्हा अभ्यासातून बाहेर पडता आले पाहिजे. औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर तिचा उपचार विनामूल्य झाला पाहिजे. सही केलेल्या कागदाची प्रत आपली आहे. ती मागून घ्या आणि शिधापत्रिकेबरोबर ठेवा. घरात शाळेत शिकणारी मुलगी असेल तर तिच्याकडून ती मोठ्याने वाचून घ्या.

तीस वर्षांवरील भगिनींनी मात्र कोणत्याही अभ्यासाची वाट पाहू नये. उस्मानाबाद व मुंबईच्या स्त्रियांमुळे जी तपासणी उपयोगी ठरली, ती आता सरकारी कार्यक्रमात आली आहे. तिला काही मिनिटे लागतात. आपल्या भागातील आशा ताईस किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचा दिवस कोणता, ते विचारावे, आणि त्या दिवशी ती होत नसेल तर का होत नाही, हे गावच्या ग्रामसभेत लेखी विचारावे.