ऑम्लेट, कॉफी आणि काळी पेटी

रविवारी पी.टी. नसते. बेंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये मी त्या सकाळी चर्च स्ट्रीटवरचं इंडियन कॉफी हाउस गाठतो. ऑम्लेट, टोस्ट, कॉफी. तुरेवाली पगडी, पांढरा पोशाख आणि रुंद पट्टा घातलेला वेटर समोर आला की आपल्या मेसचीच आठवण होते. फरक इतकाच की इथे कुणी साहेब नाही. कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. बेंगळुरूची संस्था 1957 ची. हे कॉफी हाउस 2009 पर्यंत एम. जी. रोडवर होतं, मग इकडे आलं. फौजेसारखीच बदली, सामानासकट.

पुस्तकांची दुकानं जरा उशिरा उघडतात, म्हणून नाश्त्याला घाई नसते. त्या वेळात मी यादी करतो. पुढची पोस्टिंग बहुधा उंचावरची. काळ्या पेटीत आठ-दहा पुस्तकंच मावतात, आणि चुकीचं पुस्तक नेलं तर अख्खा हिवाळा त्याच्याच सोबत काढावा लागतो.

मी एकदा तशी चूक केली आहे. अधिकाऱ्यांनी वाचावीत म्हणून फिरत असलेली एक यादी प्रमाण मानून नेतृत्वावरची सहा जाडजूड पुस्तकं वर नेली. दुसऱ्या महिन्यात मी औषधांच्या खोक्यावरचा मजकूर वाचत होतो.

आमच्या बंकरमध्ये माणदेशातला एक हवालदार होता. त्याच्या पिट्ठूत व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ होती, पानं सुटलेली. रात्री कंदिलाशी तो मोठ्यानं वाचायचा. मेंढरांवरून, दुष्काळावरून पोरांची भांडणं व्हायची. अनोळखी धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला पाठवलेला कोवळा मास्तर, आणि त्याच्याहून दुनिया जास्त पाहिलेली माणसं. नव्या लेफ्टनंटची याहून वेगळी काय गोष्ट असते? माझ्या सहा पुस्तकांत नसलेलं नेतृत्व त्या पातळ कादंबरीत होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: यादी करावी, पण दुकानात शिरताना ती खिशात ठेवावी. ब्लॉसममध्ये जुन्या पुस्तकांच्या कपाटांपुढे उभं राहून दहा पानं वाचावीत. अकराव्या पानावर जायला हात उचलत नसेल, तर पुस्तक कितीही थोर असो, परत ठेवावं. लाजायचं कारण नाही. ते वाचणाऱ्याचं पोस्टिंग वेगळं असेल.

कुणी म्हणेल, कठीण पुस्तकं मग कधी वाचायची? याच गावात 1896 मध्ये फोर्थ हुसार्सचा एक तरुण अधिकारी आला होता, विन्स्टन चर्चिल. दुपारी बाकीचे झोपत, तेव्हा हा आईनं इंग्लंडहून पाठवलेले गिबन आणि मेकॉले वाचत बसे. कुणी परीक्षा घेणार नव्हतं. त्याला भूक लागली होती म्हणून त्यानं जाड ग्रंथ पचवले. (बेंगलोर क्लबच्या वहीत त्याच्या नावावर 13 रुपये थकबाकी अजून आहे. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा हिशेब मात्र 13 रुपयांत मिटणारा नाही.) भूक नसताना गिबन कुणाच्या पेटीत कोंबू नये, एवढंच माझं म्हणणं.

या रविवारी यादीतलं एकच पुस्तक घेतलं, यादीबाहेरची तीन. मराठी काही मिळालं नाही. शहाजीराजांच्या जहागिरीच्या गावात ‘बनगरवाडी’ शोधत मी तासभर फिरलो. हवालदार पेन्शनवर गेला तेव्हा स्वतःची प्रत घेऊन गेला, आणि ते योग्यच केलं.

पुढच्या आठवड्यात धाकटा भाऊ साताऱ्याहून येतोय. कंदी पेढे राहू दे म्हटलं, दोन प्रती आण. एक माझ्या पेटीत, एक युनिटच्या पुस्तकांच्या कपाटात. त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, ते मात्र आधी सुभेदार साहेबांना विचारायला हवं.